बंद पडलेला कॉलम आणि भरलेली जर्नले

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रसायन अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बहिस्थ परीक्षक म्हणून अलीकडेच एका विद्यापीठाच्या विभागात जाण्याचा योग आला. विभागाचे नाव लिहीत नाही, कारण तेथील प्राध्यापक मनापासून शिकवणारे आहेत आणि दोष त्यांचा नाही. मात्र तेथे जे पाहिले ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेचा एक पॅक्ड कॉलम, म्हणजे वायू आणि द्रव एकमेकांच्या संपर्कात आणणारी, आत छोट्या रिंगा भरलेली उंच उभी नळी, उभा होता. आतल्या राशिग रिंगांवर धुळीचा थर होता आणि दाबातील फरक दाखवणाऱ्या मॅनोमीटरची नळी कोरडी होती. सर्वांच्या जर्नलमध्ये मात्र या कॉलमवरचा प्रयोग व्यवस्थित लिहिलेला होता आणि निरीक्षणे दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत एकसारखी होती. एका विद्यार्थिनीला मी विचारले, ‘फ्लडिंग होते, म्हणजे कॉलम तुंबतो, तेव्हा त्यात काय दिसते?’ तिने सूत्र बिनचूक लिहिले, आलेखही नीट काढला आणि मग हळू आवाजात म्हणाली, ‘सर, हा कॉलम चालू असलेला आम्ही कधी पाहिलाच नाही.’ तिच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले आणि वाईटही वाटले. चौकशी केल्यावर कळले, की कॉलमला हवा पुरवणाऱ्या ब्लोअरची मोटार जळाली आहे, देखभाल करणारे फिटर निवृत्त झाले आहेत आणि त्यांची जागा अजून भरलेली नाही.

या प्रयोगाला पाणी आणि हवा यांखेरीज काही लागत नाही. वरून पाणी सोडायचे, खालून हवा द्यायची आणि हवा हळूहळू वाढवत न्यायची. दाबातील फरक आधी सावकाश वाढतो. मग एका टप्प्याला पाणी खाली उतरेनासे होते, रिंगांमध्ये तुंबते, वर बुडबुड्यांचा थर उसळू लागतो आणि मॅनोमीटरमधले पाणी झरझर चढते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी ते विसरत नाही. मी नोकरीला लागलो त्या वर्षी, रात्रपाळीत, स्क्रबरच्या (विषारी वायू द्रावणाने धुऊन काढणाऱ्या अशाच कॉलमच्या) प्रेशर गेजचा काटा अस्वस्थपणे हलू लागला, तेव्हा कॉलेजातला तो कॉलम आठवला म्हणूनच मी वायूचा प्रवाह वेळेवर कमी करू शकलो. स्क्रबर तुंबला, की कॉस्टिकचे (सोडियम हायड्रॉक्साइडचे) द्रावण वायूबरोबर बाहेर फेकले जाते आणि विषारी वायू न धुता निसटतो. मे २०१६ आणि मे २०२४ मधल्या स्फोटांचे हादरे सोसलेल्या डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला या गोष्टी केवळ परीक्षेपुरत्या वाटत नाहीत.

संशोधनाचे गणितही यापासून वेगळे नाही. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. तीच आजची माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था. प्रा. मनमोहन शर्मा केंब्रिजहून पीएच.डी. करून १९६४ मध्ये तेथे प्राध्यापक झाले आणि पुढे १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. शर्मा यांच्या संशोधनाचा एक मोठा भाग वायू आणि द्रव यांचा संपर्क होतो त्या पृष्ठभागाविषयी, म्हणजे अशा कॉलममध्ये जे घडते त्याविषयीच आहे. कार्बन डायऑक्साइड आणि कॉस्टिक यांच्यासारखी, जिचा वेग ठाऊक आहे अशी अभिक्रिया घडवून आणायची आणि किती वायू शोषला गेला यावरून संपर्कपृष्ठाचे क्षेत्रफळ काढायचे, ही पद्धत जगभर वापरली गेली. अशा संशोधनाला बुद्धी तर लागतेच. पण वेळेवर दुरुस्त होणारा पंप, काचेचे काम करणारा कारागीर आणि गळती शोधून काढणारा फिटरही लागतो.

आज नव्या संगणक-केंद्रांसाठी पैसा मिळतो आणि सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर प्रक्रियेची नक्कल करणे, शिकवले जाते, ते आवश्यकच आहे. मी स्वतः कितीतरी वर्षे त्याच्या आधारे काम केले. परंतु संगणकातल्या कॉलमची गॅसकेट फाटत नाही आणि त्याचा रोटामीटर (प्रवाह मोजणारे उपकरण) अडकत नाही; मग खऱ्या कॉलममध्ये असे घडते तेव्हा काय करायचे हे विद्यार्थी शिकणार कोठे? विभागांचे मूल्यमापन करताना शोधनिबंध मोजले जातात, तसेच या सत्रात किती उपकरणे प्रत्यक्ष चालली हेही तपासले गेले पाहिजे, आणि बंद उपकरणावरचा प्रयोग जर्नलमध्ये आढळल्यास आम्हा परीक्षकांनी त्याला गुण देऊ नयेत. पीएच.डी. करणाऱ्यांनी आठवड्यातून एक दुपार पदवीच्या प्रयोगशाळेत उभे राहावे, असेही सुचवावेसे वाटते. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगांनाही त्याचा उपयोग होईल. या सगळ्याच्या आधी उच्च शिक्षण विभागाने प्रयोगशाळा सहायक आणि फिटर यांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात.

त्या ब्लोअरची मोटार स्वखर्चाने रिवाइंड करून देण्याची तयारी मी विभागप्रमुखांना कळवली आहे आणि त्यांनी ती आनंदाने स्वीकारली आहे. फिटर मात्र मी देऊ शकत नाही. तो विद्यापीठानेच नेमायला हवा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायन अभियंता, डोंबिवली (पूर्व)