समासातल्या तीन प्रश्नांबद्दल

मॅडम,

सप्रेम नमस्कार. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, कामाचं बोल" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तरी मला मधेच थांबवता येणार नाही.

कन्सल्टिंगमध्ये स्वतंत्रपणे उतरणाऱ्या नवख्याला सल्ल्यांचा कधी तुटवडा नसतो. ओळखी वाढव, स्वतःचा ब्रँड कर, पैसे मागताना कचरू नकोस. असे सल्ले देणारे तुमच्या आधी बरेच भेटले. मोठ्या हुद्द्यांवरचे, "कधीही फोन कर गं" म्हणणारे, आणि फोन केला की कायम मीटिंगमध्ये असणारे. क्लायंटला द्यायच्या माझ्या प्रस्तावाचा कागद त्यांच्यापैकी एकानेही हातात घेतला नाही. तुम्ही घेतलात, आणि पेन्सिल उचलून पहिल्या ओळीपासून वाचायला लागलात.

"अहवालाला अंतिम स्वरूप येईपर्यंत आवश्यक ते सर्व सहकार्य" या ओळीखाली रेघ ओढून तुम्ही समासात लिहिलंत: किती? कधीपर्यंत? झालं असं कोण म्हणणार?

या धंद्यातल्या निम्म्या कटकटी तिथेच सुरू होतात, हे त्या आधीच्या मंडळींना नक्कीच माहीत असणार. "आवश्यक ते सर्व" याचा अर्थ क्लायंट त्याच्या सोयीने लावतो, आणि त्यात त्याची चूकही नसते. तिथे लिहायचं असतं ते असं: मसुद्यावर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत सगळ्या विभागांचे अभिप्राय एकत्र करून एकाच माणसाकडून, मसुदा मिळाल्यापासून कामाच्या 5 दिवसांत, तिसऱ्या फेरीपासून दिवसाच्या दराने वेगळं बिल. यातलं "एकाच माणसाकडून" गाळलं की विक्रीवाले एक परिच्छेद काढायला लावतात, फायनान्सवाले तोच परत घालायला लावतात आणि त्यांच्या भांडणात आपला आठवडा जातो.

"कधीपर्यंत" हा प्रश्न दोन्ही बाजूंना लागू होतो. आपण अहवाल कधी देणार त्याच्या शेजारीच त्यांनी आकडेवारी कधी द्यायची तेही लिहायचं. ती जितके दिवस उशिरा येईल तितके दिवस आपली तारीख पुढे जाईल, हे वाक्यही तिथेच. तिसरा प्रश्न सगळ्यांत जड. काम पूर्ण झालं असं सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे पदासकट लिहिलेलं नसेल तर शेवटचा हप्ता हमखास लटकतो, कारण "साहेबांनी अजून पाहिलं नाही" याला कोणाकडेच उत्तर नसतं. त्यावर तोडगा एका ओळीचा: अंतिम अहवाल दिल्यापासून 10 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जाईल.

दराचं गणित तुम्ही त्याच पानाच्या पाठीमागे मांडलंत. महिन्याच्या पगाराला 22 ने भागून दिवसाचा दर काढणारे हमखास आपटतात. वर्षाचे 52 आठवडे, कामाचे दिवस 260. सुट्ट्या, आजारपण, रजा मिळून 30 वजा करा, राहिले 230. त्यातले जेमतेम साठ टक्के बिलात धरता येतात. बाकीचे प्रस्ताव लिहिण्यात, भेटीगाठींत, हिशेबात आणि वसुलीत जातात. म्हणजे 138. वर्षभराला लागणारं उत्पन्न, त्यावरचा कर, शिवाय विमा, सॉफ्टवेअर, हिशेबनीस असे नोकरीत दुसरं कोणीतरी भरत असलेले खर्च, या सगळ्याला 138 ने भागायचं. आकडा पाहून छातीत धडकी भरते, पण 22 ने भागून काढलेल्या दरात वर्षाकाठी पगाराच्या निम्मेच पैसे हाती येतात.

बिलाबद्दल तुम्ही बोललात तेवढं तर कोणी म्हणजे कोणीच बोलत नाही. 30 दिवसांची मुदत बहुतेक ठिकाणी बिल अकाउंट्समध्ये दाखल झाल्यापासून मोजतात. बिलावर परचेस ऑर्डरचा, म्हणजे क्लायंटने काढलेल्या कामाच्या लेखी ऑर्डरचा, नंबर नसला की ते तीन आठवड्यांनी परत येतं आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून काम सुरू करण्याआधीच नंबर मागून घ्यायचा, बिल कोणाच्या नावाने आणि कोणत्या पत्त्यावर पाठवायचं ते विचारायचं, आणि पहिला हप्ता हातात पडल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

बाकीचं तुम्ही चालता चालता सांगितलंत. शेवटच्या सादरीकरणाआधी क्लायंटच्या समितीतल्या प्रत्येकाला वेगळं भेटायचं, वाईट बातमी भरल्या खोलीत कोणाला पहिल्यांदा ऐकू द्यायची नाही. एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ लागलं तर दुसरा शोधायला त्याच आठवड्यात निघायचं.

आणि नुकसानभरपाईच्या कलमापाशी आल्यावर तुम्ही म्हणालात, "यातलं मला कळत नाही, वकिलाला दाखव." कन्सल्टंटच्या तोंडून हे वाक्य! सगळ्यांना सगळं कळत असण्याच्या या व्यवसायात ते ऐकून केवढा धीर आला. माणूस भला आहे असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा त्याच्या गोड बोलण्याबद्दल बोलत असतो. तुम्ही तर गोड अजिबात बोलला नाहीत. पण ज्यांचा तास न् तास विकला जातो, त्यांनी एका अनोळखी मुलीच्या चार पानांवर अख्खी दुपार घालवली आणि पुन्हा कधी ते बोलूनही दाखवलं नाही. अशी माणसं प्रत्येक धंद्यात असतात. ती व्यासपीठावर फारशी दिसत नाहीत एवढंच.

एका बाबतीत मात्र आपलं अजून पटत नाही. तुम्ही म्हणता दर कायम दिवसावरच लावावा. नवं, अंदाज न येणारं काम असेल तर मान्य. पण तेच काम पाचव्यांदा करताना ते निम्म्या दिवसांत होतं, आणि दिवसाच्या दराने जो लवकर संपवतो त्याचाच तोटा होतो. तिथे व्याप्ती तुमच्या तीन प्रश्नांनी बांधून एकरकमी आकडा सांगावा, असं माझं मत आहे. फोनवर "बघू" म्हणाला होतात. उत्तराची वाट पाहतेय.

तुमची,
चार पानंवाली