विनंतीतली ती एक ओळ

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद. संभाजीनगरला पोचल्याचा फोन तुझ्या आईला आला, मला नाही. अपिलाचा मसुदा टेबलावरच राहिला होता. रात्री दोनदा वाचला. मुद्दे असे बांधलेस की खाडाखोड करायला हात धजला नाही. फक्त शेवटच्या विनंतीतली ती ओळ, 'किंवा शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश व्हावा'. काल त्यावरूनच आवाज चढला. आज तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलो.

माय, ती ओळ काढ.

तुझा सगळा बचाव मुद्देमालावर उभा आहे. सुरा जप्त झाला आणि वीस दिवसांनी रासायनिक विश्लेषकाकडे गेला. मधल्या काळात तो कुठं होता? मालखान्याचं रजिस्टर शाबीत नाही, पाकीट नेणारा शिपाई तपासलेला नाही, पंचनाम्यात लाखेच्या सीलचा उल्लेख नाही. फेरखटला म्हणजे आधीची कारवाई पुसली जाते. मग तोच शिपाई पिंजऱ्यात येईल, रजिस्टर येईल, आणि नेमकं काय कमी पडलं होतं हे सरकार पक्षाला तुझ्याच अपिलातून कळलेलं असेल. १९६३ च्या उखा कोल्हे निकालात सर्वोच्च न्यायालयानं हाच धोका सांगितलाय. फेरखटला अपवाद म्हणूनच. कोर्टाला अधिकारच नव्हता, खटल्यात गंभीर बेकायदेशीरपणा झाला, किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणानं एखाद्या पक्षाला पुरावा देता आला नाही, तरच. यातलं तुझ्या पक्षकाराला काय लागू आहे?

गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी खटल्याचा दाखला तू घातलास. २००४ च्या त्या निकालात आरोपींची निर्दोष सुटका रद्द करून महाराष्ट्रात फेरखटला लावला होता. शिक्षा झालेल्या माणसाच्या अपिलात तो दाखला आपल्यावरच उलटतो.

विश्लेषकाचा अहवाल आरोपीला कलम ३१३ च्या जबाबात, म्हणजे कोर्ट पुरावा समोर ठेवून त्याचं म्हणणं विचारतं तिथं, विचारलाच नाही, हा मुद्दा मात्र तू बरोबर हेरलास. पण त्यावर सगळा खटला पुन्हा मागायचा नसतो. ती परिस्थिती त्याच्याविरुद्ध वापरू नये एवढंच माग, आणि न विचारल्यानं त्याचं नुकसान काय झालं ते लिही. त्याशिवाय मुद्दा टिकत नाही. २०१४ च्या नरसिंग निकालाप्रमाणे कोर्ट फार तर त्या टप्प्यापासून खटला परत पाठवू शकतं. एखादा कागद अपिलातच दाखल करायचा असेल तर जुन्या फौजदारी संहितेचं कलम ३९१, नव्या संहितेत ४३२. निर्दोष सोडण्याचा आणि फेरखटल्याचा अधिकार जुन्या ३८६ मध्ये एकाच वाक्यात आहे, आता ४२७ मध्ये. त्या वाक्यातला पहिला अर्धा भाग तेवढा माग.

बघ, पुन्हा शिकवायला लागलो. माफ कर. तू आता वकील आहेस. वकीलपत्रावरची तिकिटं मोजून 'अण्णा, एक कमी आहे' म्हणणारी पोरगी डोळ्यांपुढून हलत नाही, त्याला मी तरी काय करू? हायकोर्टाच्या बोर्डावर आपल्या घरातलं पहिलं नाव तुझं लागणार. गल्लीत चौघांना सांगून झालंय.

पण तो माणूस साडेतीन वर्षं हर्सूलच्या तुरुंगात आहे. फेरखटला लागला तर तेच साक्षीदार, तेच पंच, पुन्हा तारखा, आणि तो पुन्हा कच्चा कैदी. जामिनाची धावपळ नव्यानं. त्यापेक्षा अपिलाबरोबरच शिक्षा स्थगितीचा अर्ज दे, नव्या संहितेच्या कलम ४३० खाली. तो मसुद्यासोबत दिसला नाही.

निकालाच्या नकलेच्या मागचा शिक्का भिंगातून पाहिला. अर्जाची तारीख स्वच्छ आहे. नक्कल तयार झाल्याची तारीख पुसट आहे, १५ की १६ कळत नाही. अपिलाची साठ दिवसांची मुदत मोजताना नकलेचे दिवस वजा करशील, तिथं तोट्याची तारीख धर, म्हणजे १५. निकालापासून नकलेच्या अर्जापर्यंत गेलेले दिवस वजा होत नाहीत, हे तुला माहीत आहे, तरी लिहितोय.

मसुदा उद्या सकाळच्या बसनं कंडक्टरकडे देतो. डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे. ती ओळ काढलीस तर आईला फोन करून सांग, मला नको.

तुझा,
अण्णा