न सांगता केलेल्या दुरुस्तीचे बिल

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थीआधीचे पंधरा दिवस गोव्यातल्या कुठल्याही गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. गाडी घाईघाईत टाकली जाते, जॉब कार्डावर, म्हणजे गाडी देताना भरतात त्या कामांच्या कागदावर, न वाचता सही होते आणि संध्याकाळी साडेचार हजारांत ठरलेल्या कामाचे अकरा हजारांचे बिल हातात पडते. मधल्या साडेसहा हजारांबद्दल कोणी विचारलेले नसते, कोणी सांगितलेलेही नसते. मग काही जण निमूटपणे पैसे मोजतात, काही काउंटरवर आवाज चढवतात. नियम काय, कागद कसे ठेवावेत आणि कुठली कलमे खरोखर लागतात, हे आपल्या वाचकांसमोर यावे म्हणून हे पत्र.

भांडण बिलावरून होते, पण त्याचा निकाल बहुधा सकाळीच जॉब कार्डावर लागलेला असतो. त्यावर गाडीचे किलोमीटर, पेट्रोलची पातळी, सांगितलेली कामे, अंदाजे खर्च आणि गाडी परत देण्याची वेळ लिहिलेली हवी. खर्चाचा रकाना बहुतेक वेळा कोरा असतो. ‘सर्व्हिसिंग’ एवढाच शब्द लिहिला असेल तर त्यात काहीही मावते. त्याऐवजी ‘इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर बदलणे, एअर फिल्टर साफ करणे, पुढच्या ब्रेकचा आवाज तपासणे’ असे एकेक काम लिहून घ्यावे. ‘तपासणे’ आणि ‘बदलणे’ यांतला फरक इथेच करायचा असतो. ‘ब्रेक वाजतात’ एवढे तोंडी सांगितले तर मेकॅनिक ती ब्रेक पॅड बदलायची परवानगी समजतो, आणि त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही.

कार्डाच्या तळाशी किंवा मागे बारीक अक्षरांत एक वाक्य छापलेले असते: आवश्यक वाटेल ते जादा काम करण्यास ग्राहकाची संमती आहे. त्यावर सरळ रेघ मारावी, बाजूला ‘फोनवर विचारल्याशिवाय जादा काम करू नये, खर्चाची मर्यादा रुपये अमुक’ असे लिहावे आणि मगच सही करावी. कार्डाची प्रत मिळत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. साखळी-डिचोलीकडच्या किंवा काणकोणातल्या लहान गॅरेजात जॉब कार्डच नसते. तिथे मेस्त्रीला व्हॉट्सअ‍ॅपवर हाच मजकूर पाठवावा. त्याचे ‘ओके’ आले की तोच कागद. तो संवाद नंतर पुसू नये.

मेकॅनिकची बाजूही समजून घ्यायला हवी. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवला आणि मागे क्रँकचे ऑइल सील गळताना दिसले, तर ते त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. सील स्वस्त असते, पण त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे मजुरी दुप्पट. खड्ड्यांनी लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याचे रबरी भाग) गेले असतील तर ते बदलल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करावेच लागते. अशी कामे आधीच्या अंदाजात नसणे स्वाभाविक आहे. तरी त्याला एक फोन, एक फोटो आणि भाव एवढे करायला दोन मिनिटे पुरतात. फोन न उचलणारे ग्राहकही कमी नाहीत. दिवसभर फोन बंद ठेवून संध्याकाळी ‘मला विचारले नाही’ म्हणण्यात अर्थ नसतो.

आता खरोखर शंका घ्यावी अशा नोंदी. पावसाळ्यात किंवा समुद्रकाठी एक रात्र उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर तांबूस गंज चढतो. तो वरवरचा असतो, सकाळी चार-पाच वेळा ब्रेक दाबले की पुसला जातो. त्यासाठी डिस्क घासायची किंवा बदलायची गरज नसते. डिस्क बदलायची की नाही हे तिच्या जाडीवर ठरते आणि किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. पॅड नवे असताना साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतात, दोन-तीन मिलिमीटरवर आले की बदलावेत. ‘पॅड गेले’ म्हणणाऱ्याला उरलेली जाडी किती, हे विचारावे.

एसीचा गॅस ही दुसरी हमखास नोंद. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि खाऱ्या वाऱ्यात कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) कुजणे हे आपल्याकडचे नेहमीचे दुखणे. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच बिल. लहान गाडीत साधारण चारशे-पाचशे ग्रॅम गॅस मावतो, म्हणून बिलावर किती ग्रॅम भरला ते लिहिलेले हवे. इंजिन ऑइलचेही तसेच. गाडीच्या पुस्तिकेत फिल्टरसह किती लिटर लागते ते छापलेले असते. साडेतीन लिटरच्या इंजिनाला चार लिटरचा डबा लावला असेल, तर उरलेले अर्धा लिटर डब्यासकट मागून घ्यावे. स्पार्क प्लग मोजावेत. तीन सिलिंडरच्या गाडीला चार प्लगांचे बिल लागणे हा विनोद वाटतो, पण हल्ली कितीतरी लहान गाड्या तीन सिलिंडरच्या आहेत आणि मालकाला ते ठाऊक नसते. ‘इंजेक्टर क्लीनिंग’, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारे भाग साफ करणे, म्हणून अनेकदा टाकीत नुसती एक बाटली ओतलेली असते. अलाइनमेंट केले म्हणत असतील तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागावा, यंत्रातून तो निघतो.

गाडीच्या खालचे गंजरोधक कोटिंग गोव्यात निरुपयोगी नाही, उलट उपयोगाचेच आहे. पण ते चढवण्याआधी तळ धुवावा लागतो, सुटलेला गंज खरवडावा लागतो आणि पत्रा पूर्ण वाळू द्यावा लागतो. ओल्या पत्र्यावर फवारले तर ओल आतच कोंडते आणि पत्रा आतून सडतो. जुलैच्या पावसात दुपारी घेतलेली गाडी संध्याकाळी ‘कोटिंग करून’ परत मिळाली, तर न मागितलेल्या कामाचे पैसे गेलेच, वर नुकसानही पदरी आले.

बिलातली बेरीज तपासणेही अवघड नाही. पार्टच्या खोक्यावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्या किमतीवर पुन्हा जीएसटी लावणे म्हणजे सरळ जादा वसुली, आणि तिची तक्रार वजनमापे खात्याकडे करता येते. म्हणून जुन्या पार्टबरोबर नव्या पार्टचे रिकामे खोकेही मागावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, मजुरीवरही १८. कुठे अजून २८ टक्के लावलेले दिसले तर तिथेच थांबवावे. गोव्यात नोंदलेल्या गॅरेजचा जीएसटी क्रमांक ३० ने सुरू होतो आणि पंधरा अक्षरांचा असतो. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेतल्या) गॅरेजला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. पक्के बिल देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. ‘बिल नको असेल तर कर वाचेल’ या गोड बोलण्याला भुलले की पुढची तक्रार निम्मी मेली.

जुने पार्ट परत हवेत, हे गाडी देतानाच कार्डावर लिहावे. संध्याकाळी मागितले तर ते भंगारात गेलेले असतात. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे जातो आणि बदलीत दिलेल्या जुन्या बॅटरीचे पैसे बिलातून वजा झालेले असतात, एवढे अपवाद.

आता काउंटरवरचा प्रसंग. एकूण रकमेवर वाद घालू नये. जॉब कार्ड आणि बिल शेजारी ठेवून एकेका ओळीवर खूण करावी: मागितलेले काम, न मागितलेले पण लागलेले काम, आणि ज्याला काहीच आधार नाही असे काम. पहिल्याचे पैसे लगेच देऊ करावेत. दुसऱ्याबाबत भाव करावा, पार्टची किंमत द्यावी आणि मजुरी सोडायला सांगावी, बरेचदा तिथेच मिटते. तिसऱ्याबाबत एकच म्हणावे: तो पार्ट काढा आणि जुना बसवून द्या. यावर मालकाचा सूर बहुधा बदलतो, कारण काढण्याची मजुरी त्याच्याच अंगावर येते. मात्र झिजलेले पॅड, फाटलेला बेल्ट असले भाग हट्टाने परत बसवून घेऊ नयेत. जीव गाडीपेक्षा मोठा.

‘काम झाले, गाडीला फायदा झाला, मग पैसे द्यायला नकोत?’ हा मालकाचा नेहमीचा प्रश्न. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम ७० खरोखर असे सांगते की, फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा. पण पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तो लाभ स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची मोकळीक समोरच्याला असली पाहिजे. म्हणून ‘काढून घ्या’ हे वाक्य तिथल्या तिथे आणि लेखी म्हणणे महत्त्वाचे. मुकाट्याने गाडी घेऊन गेलात तर लाभ स्वीकारला असे ठरू शकते.

गाडी अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजला आहे का? आहे, पण मर्यादित. करार कायद्याच्या कलम १७० नुसार ज्या कामासाठी वस्तू दिली त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. न सांगितलेल्या कामासाठी हे कलम धावून येत नाही. ठरलेली रक्कम देऊ करूनही गाडी सुटत नसेल, तर तसा संदेश लगेच पाठवावा, म्हणजे अडवणूक कोणत्या रकमेसाठी आहे ते कागदावर येते. दुसऱ्या चावीने गाडी परस्पर काढून आणण्याचा सल्ला देणारे मित्र भेटतील. त्यांचे ऐकू नये. जुन्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली घड्याळजीचे उदाहरण होते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही ते कायम आहे: दुरुस्तीचे पैसे देणे असताना घड्याळजीने हक्काने ठेवलेले स्वतःचेच घड्याळ, त्याचे तारण बुडवण्याच्या हेतूने उचलून नेले तर ती चोरी ठरते. घड्याळाच्या जागी गाडी वाचावी.

गाडीशिवाय चालणारच नसेल तर पूर्ण पैसे भरावेत, मात्र रोख नव्हे. बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘अमुक नोंदींना हरकत ठेवून रक्कम भरली’ असे लिहून सही करावी. गॅरेजवाला लिहू देत नसेल तर पैसे पाठवताना शेऱ्यात दोन शब्द टाकावेत आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने सविस्तर कळवावे. आठवडाभरात दुसऱ्या गॅरेजकडून वादातल्या भागांची लेखी तपासणी करून घ्यावी. महिन्याभराने केलेल्या तपासणीला फारशी किंमत उरत नाही.

पुढची पायरी पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस, स्पीड पोस्टने. वकील लागतोच असे नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर प्रत गाडीच्या कंपनीलाही पाठवावी, बरीच प्रकरणे तिथेच सुटतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली की समोरच्याकडे विचारणा जाते, मात्र ती सक्ती करू शकत नाही. सक्ती ग्राहक आयोगाची. उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग पर्वरीला, दक्षिण गोव्याचा मडगावला. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि गॅरेज वास्कोत असले तरी पेडण्यात राहणारा ग्राहक आपल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाऊ शकतो. मुदत दोन वर्षांची. परतावा, त्रासाची भरपाई आणि खर्च अशा तिन्ही मागण्या वेगवेगळ्या मांडाव्यात, न मागितलेले सहसा मिळत नाही.

टॅक्सीवाल्यांनी ‘गाडी धंद्याची, म्हणून आपण ग्राहक नव्हे’ असे समजू नये. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे. पाच-दहा रेंट-अ-कार फिरवणाऱ्याला मात्र ही वाट अवघड जाते.

विम्याच्या कामात सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) मंजूर केलेली यादी हीच मर्यादा. त्याबाहेरचे काम न विचारता झाले असेल तर गाडी मिळण्यापूर्वी समाधान पत्रावर, म्हणजे काम पसंत असल्याच्या कागदावर, सही करू नये.

नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खात्याने एक सोपे काम करावे. मराठी-कोकणीतला जॉब कार्डाचा एक नमुना काढून गॅरेजांना द्यावा. त्यात खर्चाच्या अंदाजाचा रकाना सहीच्या वर असावा, आणि जादा कामासाठी तारीख, वेळ, रक्कम व परवानगी कोणी दिली असे चार रकाने असावेत. प्रामाणिक मेस्त्रींनाही तो हवाच असेल, कारण ‘मी सांगितलेच नव्हते’ म्हणणारे गिऱ्हाईक त्यांच्याही वाट्याला येते.

आपले,
काही वाचक
फोंडा