बंड्या, तुझं अ‍ॅफिडेव्हिट परत पाठवतोय

एडिसन, न्यू जर्सी
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

दिन्याच्या ऋताच्या आणि जावई केतनच्या ग्रीन कार्डाच्या अर्जासाठी तू लिहिलेलं अ‍ॅफिडेव्हिट, म्हणजे शपथपत्र, येऊन तीन आठवडे झाले आणि मी साधी पोचही दिली नाही. फोनवर दोनदा विषय बदलला, तेही तुझ्या लक्षात आलं असेलच. आता टाळायला दिवस उरले नाहीत म्हणून लिहितोय. गुडघा ठीक, साखर आटोक्यात. झालं.

लेका, दोन पानं भरून लिहिलंस आणि त्यात एक तारीख नाही! लक्ष्मीनारायणाचा जोडा आहे, दुधात साखर आहे, दिन्याच्या संस्कारांवर अर्धं पान आहे. पंगतीत आग्रह करताना शोभेल असं. हे वाचणाऱ्या इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला एवढंच हवंय की तू कोण, या दोघांना कधीपासून ओळखतोस आणि ते एकत्र संसार करताना तू स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंस. तू लिहितोस, ‘माझे त्यांच्याकडे नेहमी येणे-जाणे असे.’ मेसच्या वहीतही तू असंच लिहायचास, ‘इतर खर्च, ३७ रुपये’. चाळीस वर्षं विचारतोय, ते ३७ रुपये कसले?

आता नीट लिही. वर पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मगाव. मग नातं: ऋताला जन्मापासून ओळखतो, केतनला लग्नापासून, म्हणजे १८ डिसेंबर २०२२. मग गेल्या उन्हाळ्यात तू इथे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होतास आणि त्यांच्या घरी साधारण किती वेळा गेलास. त्यानंतर तीन-चार प्रसंग, पण बघितलेले. २७ ऑगस्टला त्यांच्याकडे गणपती बसला, तू आरतीला होतास, मोदक केतननं वळले आणि सगळे फुटले, हे लिही. ड्रायव्हिंगच्या परीक्षेला तो तिला घेऊन गेला आणि तू मागच्या सीटवर बसून दोघांचं भांडण ऐकलंस, हेही लिही. भांडण आहे म्हणून गाळू नकोस. गोडगोड कागदापेक्षा ते खरं वाटतं.

स्टॅम्प पेपर, नोटरी, कोर्टाबाहेरचा टायपिस्ट, काही नको. शेवटी इंग्रजीत एवढं वाक्य हवं की वरील मजकूर खरा आणि बरोबर असल्याचं मी अमेरिकेच्या कायद्यानुसार, खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र राहून, जाहीर करतो. खाली तारीख आणि सही. भारतात बसून सही करणाऱ्यानं ‘अमेरिकेच्या कायद्यानुसार’ हे शब्द घालावेच लागतात, इथे राहणाऱ्याला ते लागत नाहीत. नेमकं वाक्य सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय, तसंच उतरव. मजकूर मराठीत लिहिलास तर इंग्रजी भाषांतर मी करीन आणि मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि बिनचूक आहे, असं खाली लिहून सही करीन. पण मूळ सहीचा कागद कुरियरनं पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नको.

एवढं करूनही तुझा कागद म्हणजे भाजीवरची कोथिंबीर. अ‍ॅफिडेव्हिटं निदान दोन जोडायची असतात (दुसरं मी लिहितोय, तिसरं खालच्या मजल्यावरच्या पटेलकाकूंचं), पण नुसत्या अ‍ॅफिडेव्हिटांवर फाइल उभी राहत नाही. मला झोप लागत नाही ती भाजीच्या काळजीनं.

दिन्याला मी तीनदा समजावलं, त्याचं एकच पालुपद: ‘लग्न खरं आहे ना, मग कागद कशाला?’ तू तरी त्याला सांग. ऋता १४ मार्च २०२४ ला इथे उतरली तेव्हा लग्नाला दोन वर्षं पुरी झालेली नव्हती. म्हणून दहा वर्षांचं नाही, दोनच वर्षांचं, अटीचं ग्रीन कार्ड मिळालं. १८ डिसेंबर २०२४ नंतर आली असती तर ही भानगडच नव्हती. कागदी लग्नं रोखायला १९८६ साली हा कायदा केला आणि तो सगळ्यांना सरसकट लागतो. अट काढायचा अर्ज म्हणजे आय-७५१. तो नवरा-बायकोनं मिळून, कार्डाची मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत द्यायचा. मुदत १४ मार्च २०२६, म्हणजे खिडकी उघडते १४ डिसेंबरला. तो रविवार आहे, तेव्हा पाकीट सोमवारी १५ ला किंवा नंतर पोचेल असंच टाकायचं. लवकर पोचलं तर परत येतं. मुदत उलटली तर ग्रीन कार्डाचा दर्जाच संपतो, मग उशीर का झाला याचं सबळ कारण लेखी द्यावं लागतं.

आता घरातले कागद. गेल्या रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सगळे पसरले आणि माझ्या पोटात गोळा आला. भाडेकरारावर सही एकट्या केतनची, ऋता त्यात नुसती ‘राहणारी व्यक्ती’. वीज-गॅसचं बिल त्याचं, इंटरनेट त्याचं, गाडी त्याची. जॉइंट खातं आहे, पण त्यात पाचशे डॉलर टाकून ठेवलेत आणि वर्षभरात एक व्यवहार नाही. अधिकारी खात्याच्या नावांपेक्षा आत काय चाललंय ते बघतो: पगार जमा होतो का, भाडं जातं का, वाणसामान, डॉक्टर, पेट्रोल. केतनला म्हटलं, आजपासून पगार यात वळव आणि भाडंही यातूनच दे. महिन्याभराचंच दिसेल, पण दिसेल ते खरं असेल. मागचं वर्ष त्याच्या एकट्याच्या खात्याच्या स्टेटमेंटमधून दाखवायचं. ऋताच्या क्लासची फी, तिचं विमानाचं तिकीट, सगळं तिथूनच गेलंय. त्या ओळींवर पिवळा मार्कर मारायचा आणि पुढे एक पान जोडून सांगायचं की घर एकाच्या पगारावर चालत होतं.

घरमालक बरा निघाला. करार जानेवारीत संपतोय, नवा दोघांच्या नावावर आत्ताच करून देतो म्हणाला, शिवाय मार्च २०२४ पासून दोघं इथेच राहतात असं पत्रही देणार आहे. आरोग्य विमा केतनच्या नोकरीतून आहे आणि ऋता त्यात पहिल्या दिवसापासून आहे. कार्डाची झेरॉक्स पुरत नाही, ती कधीपासून विम्यात आहे ते तारखेसकट लिहिलेलं पत्र एचआरकडून मागवलंय. निवृत्तीच्या बचतीच्या ४०१-के खात्यात बहुतेक योजनांत कायद्यानं बायकोच वारस धरली जाते, तरी वारसाच्या नावाचं पान छापून घ्यायला सांगितलं. जीवनविम्यावर अजून त्याच्या आईचं नाव होतं. बदललं. (आईला कळवलं नाही. तूही तोंड उघडू नकोस.)

मोठा खड्डा टॅक्सचा. २०२४ चं रिटर्न जोडीनं भरलंय, ते उत्तम. २०२२ आणि २०२३ ला या बहाद्दरानं ‘सिंगल’ म्हणून भरलं, का तर बायको भारतात होती! लग्न ३१ डिसेंबरच्या आत झालं की त्या वर्षापुरता माणूस विवाहितच, बायको सांगलीत असो की सॅटर्नवर. आता सीएकडून दोन्ही वर्षांचं १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न, भरायला लावलंय. इथे लग्न झालं म्हणून अर्ज आणि टॅक्सवाल्यांकडे अविवाहित, असं दिसलं तर प्रश्न विचारणारच. आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, साइटवरून रिटर्नच्या ट्रान्सक्रिप्ट (उतारे) फुकट मिळतात, त्या जोडायच्या.

नावाची गंमत वेगळीच. पासपोर्ट आणि ग्रीन कार्डावर ऋता दिनकर आणि माहेरचं आडनाव, बँकेत ऋता केतन आणि सासरचं, विम्यात मधलं नावच गायब. ही तिघी एकच बाई आहे हे आपल्याला न सांगता कळतं, त्यांना लिहून द्यावं लागतं. अर्जात ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो, तिथे सगळी भरली.

फोटोंच्या बाबतीत दिन्या लग्नाचा अख्खा अल्बम पाठवायला निघाला होता, चारशे फोटो. पंधरा पुरेत. लग्नातला एखादा, बाकी नंतरचे, वेगवेगळ्या महिन्यांतले, दोन्ही घरची माणसं असलेले. प्रत्येकाखाली तारीख, जागा, कोण-कोण. तुझा तो गणपतीतला मोदक खाताना डोळे मिटलेला घेतलाय.

आणि तिथून येणारे कागद ए-फोरवर असतात, इथला कागद रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. छापताना खालची ओळ कापली जाते, आणि सही नेमकी खालीच असते. तेव्हा खाली बोटभर जागा सोड. पाठपोट लिहू नकोस, स्टेपलही मारू नकोस.

फी ७५० डॉलर. २८ ऑक्टोबरपासून चेक घेणं बंद झालं. आता कार्डासाठी जी-१४५० नाहीतर बँकेतून थेट कापायला जी-१६५० भरून सोबत जोडायचा. कार्ड नाकारलं गेलं तर अख्खं पाकीट परत, म्हणून केतनला आधी कार्डाची मर्यादा बघून बँकेला कळवून ठेव म्हटलंय. सही राहिली किंवा फॉर्मची जुनी आवृत्ती वापरली तरीही तेच. सह्या दोघांच्याही, हातानं केलेल्या. पोचपावती आली की तिच्यावर कार्डाची मुदत ४८ महिने वाढल्याचं लिहिलेलं असतं. जुनं कार्ड आणि ही मूळ पावती एकत्र बाळगायची, नोकरीला आणि मुंबईच्या विमानतळावरही. जानेवारीत पक्याच्या लग्नाला ती येणार असेल तर १४ मार्चच्या आत परतायचं, नाहीतर पावती बरोबर हवीच. मध्ये बोटांच्या ठशांचं बोलावणं येऊ शकतं, म्हणून तिकीट बदलता येण्यासारखं काढा. पुरावे कमी वाटले तर इमिग्रेशनवाले पत्र पाठवून आणखी मागतात. उत्तराला जास्तीत जास्त १२ आठवडे, वाढवून मिळत नाहीत.

आता जे दिन्याला सांगितलं नाही ते. टेबल आवरताना ऋता हसत म्हणाली, ‘काका, माझ्या नावाचं इथे लायब्ररीचं कार्ड तेवढं आहे.’ केतन चांगला मुलगा आहे, मनात काही नाही त्याच्या, सगळं आपणच उरकायची सवय आहे. पण मला सुलूताई आठवली. तुलाही आठवेल. उद्या काही बिनसलंच तर घटस्फोटानंतर किंवा छळ होत असेल तर एकटीला अर्ज करता येतो, नव्वद दिवसांची खिडकीही तेव्हा नसते. पण लग्न खरं होतं हे दाखवायला तेच कागद लागतात: करार, खातं, विमा. म्हणून मी केतनसमोरच तिला प्रत्येक खात्याचा पासवर्ड लिहून घ्यायला लावला आणि फाइलची एक पूर्ण प्रत तिच्या बॅगेत ठेवायला सांगितली. केतन थोडा गप्प झाला. माझं चुकलं का रे? तू असतास तर विनोद करून निभावून नेलं असतंस.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना? घराचा रंग पुरा झाला का, की ठेकेदार पुन्हा पळाला? नातीला आशीर्वाद. सविस्तर नंतर विचारतो.

कागद ५ डिसेंबरपर्यंत हातात पडेल असा धाड.

तुझा
वश्या

ता. क. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची, १ जून, तीच लिही. पासपोर्टवर तीच आहे. खरी तारीख, पंचांग, नक्षत्र काही घालू नकोस. आणि महिना अक्षरात लिही, इथे आधी महिना मग दिवस वाचतात, उगाच ६ जानेवारीचा होशील.