किती माग, आप्पा?

वुच, पोलंड
१२ जानेवारी, रात्री

ती. आई-आप्पांना नमस्कार.

आप्पा, हे पत्र मुख्यतः तुम्हाला आहे. फोनवर तुम्ही दोनदा "हां, हां" म्हणता आणि फोन आईकडे देता. निम्मं ऐकू आलेलं नसतं, हे मला कळतं आणि मला कळतं हे तुम्हाला. म्हणून लिहितेय. पानांचे फोटो दादाला पाठवते, त्याने चौकातून मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढून आणावी. आई, तू मोठ्याने वाचून दाखवू नकोस. त्यांचं त्यांना वाचू दे.

आधी आईच्या चौकशा. थंडी उणे सात. दोन स्वेटर घालते, वर जाकीट. शेंगाची चटणी निम्मी उरलीय. कडक भाकऱ्या इतक्या प्रवासातून धड आल्या, कॅमेऱ्याची एक काच मात्र चरे पडून आली. इथे नळाला चोवीस तास पाणी आहे, तरी काल रात्री बादली भरून ठेवली आणि मग माझं मलाच हसू आलं. तुमच्याकडे यावेळी पाचव्या दिवशी आलं म्हणे.

या शहराचं नाव नकाशावर 'लोड्झ' वाटतं, म्हणतात 'वुच'. अर्थ होडी. शहराच्या चिन्हातही होडीच आहे, पण नदी कुठे दिसत नाही. छोट्या नद्या होत्या, त्या शहर वाढताना जमिनीखाली घातल्या. सोलापुरात सोळा गावं शोधायला गेलं तर जी गत, तीच इथे होडीची. १८२० साली इथे हजार माणसंही नव्हती. कापडाचं गाव वसवायचं ठरलं, जर्मन विणकर आले, ज्यू व्यापारी आले, खेड्यापाड्यांतून पोलिश माणसं आली, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत वस्ती पाच लाखांच्या घरात गेली. माल जायचा रशियाकडे. एका गल्लीत तीन-चार भाषा. शेजारी तेलुगू, समोर कानडी, मागे उर्दू अशा गल्लीत आयुष्य काढलेल्या तुम्हाला त्याचं काय नवल? पण इथल्या ज्यूंना जर्मन फौजांनी १९४० साली एका वस्तीत कोंडलं आणि १९४४ पर्यंत ती वस्ती संपवली. जिथून गाड्या भरून नेल्या ते राडेगास्ट स्टेशन मी रविवारी पाहिलं. लाकडी आहे, आपल्या एखाद्या आडगावच्या स्टेशनाएवढं. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

आज सकाळी सहाला उठले तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, म्हणून त्या आतल्या खिशात अंगाशी धरून न्यायच्या. बाहेरून उबेत गेलं की लेन्सवर वाफ धरते, म्हणून तासभर कॅमेरा पिशवीतून काढायचाच नाही. माझ्या कामाचा अर्धा वेळ असा वाट बघण्यात जातो, आणि लोकांना वाटतं फॉरेनला शूटिंग म्हणजे मजा. कॅमेऱ्यावर इथल्या फिल्म स्कूलचा एक मुलगा आहे. ही शाळा १९४८ची, वायदा आणि किश्लोव्स्की हे दिग्दर्शक इथेच शिकले. दुभाषी म्हणून एक मुलगी येते. आवाज मी स्वतः घेते, कारण चौथ्या माणसाचे पैसे नाहीत.

काम होतं कापडाच्या म्युझियममध्ये. गायर नावाच्या मालकाची पांढरी गिरणी आहे ती. १८३९ साली शहरातलं पहिलं वाफेचं इंजिन तिथे बसलं. आमच्यासाठी त्यांनी एक जुना माग चालू केला. एकच. मी हेडफोन लावून बसले होते. धोटा फेकला गेला तसा मीटर थेट लाल पट्टीत, आणि मी हेडफोन ओढून काढला. मग कानांवर हात धरून उभी राहिले, आणि मनात आलं, आप्पांच्या खात्यात असे किती असतील?

आज जिची मुलाखत होती ती बाई त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची. तिला मी आजीच म्हणते, तिला काय कळतंय. इथल्या सगळ्यात मोठ्या गिरण्यांपैकी एक पॉझ्नान्स्की नावाच्या मालकाची होती. युद्धानंतर ती सरकारी झाली, आजी तिथे माग चालवायची. तिला सांगितलं होतं की बोलताना माझ्याकडे बघा. ती बघेना. तिची नजर दुभाषी मुलीच्या तोंडावर, मी बोलले की माझ्या तोंडावर. मला जेवायला बसलेले तुम्ही दिसलात. तुम्ही कधी डोळ्यांत बघून ऐकत नाही, तोंडाकडे बघता. लहानपणी मला वाटायचं, माझ्या तोंडाला आमटी लागलीय. आजी म्हणाली, मागांच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नसे, सगळ्या बाया ओठ वाचायच्या. सहा महिन्यांत जमतं म्हणे. आणि नंतर सुटत नाही.

मधेच मागावरचं सूत तुटलं. म्युझियमवाला मदतनिसाला हाक मारायला वळला, तोवर आजीने दोर ओलांडून एका हाताने गाठ मारली होती. तीच गाठ, आप्पा. गजऱ्याचा दोरा, दुधाची पिशवी, माझ्या शाळेच्या बुटाची नाडी. चिमटीत धरायचं, बोट फिरवायचं, झालं. मला वाटायचं ही आमच्या घराची गाठ आहे.

१९७१च्या फेब्रुवारीत इथल्या गिरण्यांतल्या बायांनी संप केला. डिसेंबरात खाण्यापिण्याचे भाव वाढवले होते, त्यावरून पेटलं. त्याआधी बंदरांच्या गावांत कामगारांवर गोळ्या चालल्या होत्या, म्हणून सरकार बिचकलं. खुद्द पंतप्रधान रात्री गिरणीत आले आणि भाववाढ मागे घेतली गेली. आजी तेव्हा एकोणीस वर्षांची. तिला त्या रात्रीचं भाषण आठवत नाही. पाय सुजले होते आणि कुणीतरी गरम चहाची किटली आणली, एवढं आठवतं. मला हेच हवं होतं, भाषणं पुस्तकांत असतात. मीही तिला सांगितलं की आज बारा जानेवारी, आमच्या सोलापुरातल्या चौघांना १९३१ साली याच दिवशी इंग्रजांनी येरवड्याला फाशी दिलं, त्यांतले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करायचे. तिने चार बोटं दाखवून पुन्हा विचारलं. चार, म्हटलं.

मग तिने विचारलं, "तुझे वडील विणकर ना? किती माग होते त्यांच्याकडे?"

कॅमेरा चालू होता. माझ्या तोंडून मराठीतच गेलं, "माहीत नाही." दुभाषी मुलीला काही करावंच लागलं नाही. आजीला वाटलं मी आकडा विसरले. ती बोटांवर मदत करायला लागली. दोन? चार? सहा? तिच्याकडे आधी चार होते, पुढे आठ. मी नुसती मान हलवत राहिले. ते सगळं रेकॉर्ड झालंय.

आप्पा, मी पंधरा वर्षं परक्या लोकांना त्यांचं आयुष्य विचारत हिंडतेय. तुमच्या मिलचं गेट बंद झालं तेव्हा मी सहावीत होते. तुम्ही डबा घेऊन गेलात आणि दहा वाजता तसाच भरलेला डबा घेऊन परत आलात, एवढं मला आठवतं. आईने तो आम्हा दोघांना वाढला. मग तुम्ही अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बारा-बारा तास जायला लागलात. हिशेबाचे पैसे किती आले, आले की नाही, हे घरात कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. आता विचारते. मिलमध्ये किती माग होते तुमच्याकडे, आणि टॉवेलला किती? पहिल्यांदा कुणी शिकवलं? ओठ वाचायला तुम्हाला किती दिवस लागले?

दुपारी आजी आम्हाला तिची गिरणी दाखवायला घेऊन गेली. २००६पासून तिथे मॉल आहे, मानुफाक्तुरा. लाल विटांच्या भिंती तशाच ठेवल्यात, आत दुकानं आणि सिनेमा. मला राग यायला हवा होता, तो काही आला नाही. विटा तरी ठेवल्यात. आपल्याकडे रिक्षावाला जुनी मिल कंपाऊंडला बरोबर सोडतो, पण मिल कुठाय विचारलं तर आपल्याच तोंडाकडे बघतो. आजीला विचारलं, इथे आल्यावर कसं वाटतं? म्हणाली, बूट स्वस्त मिळतात आणि बसायला ऊब असते.

संध्याकाळी एकटीच प्योत्रकोव्स्का रस्त्याने चालले. चार किलोमीटर सरळ रस्ता, चारलाच अंधार. पिएरोगी खाल्ल्या, म्हणजे बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या. चटणी काढली, मग बरं लागलं. मग खोलीवर येऊन सगळं दोन हार्ड डिस्कवर उतरवलं आणि हे लिहायला बसले. तुमच्याकडे आता दीड वाजला असेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. कॅमेरा नको म्हणालात तर काढणार नाही. पण झेरॉक्सच्या मागची बाजू कोरी असते. तिथे पेन्सिलीने का होईना, आकडा लिहून ठेवा.

तुमची,
बेबी

ता. क. आई, सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षतांच्या दिवशी गर्दीत पुढे जाऊ नकोस. दादाची यात्रेत घालायची बाराबंदी वरच्या ट्रंकेत आहे, कपाटात शोधत बसेल.