चंद्रावरचे पहिले चाक आणि एक कापलेला गुण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यात नुकत्याच झालेल्या एका शालेय विज्ञान प्रश्नमंजूषेत ‘चंद्राच्या पृष्ठभागावर फिरलेले पहिले चाकांचे वाहन कोणते?’ असा प्रश्न विचारण्यात आला होता. सातवीत शिकणाऱ्या माझ्या नातीने ‘लुनोखोद’ असे उत्तर दिले. ते चूक ठरवून तिचा गुण कापण्यात आला, कारण परीक्षकांच्या हातातील कागदावर अपोलो १५ मोहिमेतील अमेरिकी मोटारीचे नाव छापलेले होते. परीक्षकांवर माझा राग नाही; त्यांनी समोरच्या कागदाप्रमाणे निकाल दिला. परंतु हीच चूक मी गेल्या दोन-तीन वर्षांत, विशेषतः चांद्रयान ३ च्या यशानंतर, भाषणांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांतही पाहिली आहे, म्हणून आपल्या पत्राच्या वाचकांपुढे हा विषय मांडत आहे.

तारखांपुरते बोलायचे तर वाद एका वाक्यात मिटतो. सोव्हिएत संघाचे लुना १७ हे यान १७ नोव्हेंबर १९७० रोजी चंद्रावरील मारे इम्ब्रियम या विस्तीर्ण मैदानावर उतरले आणि त्याच्या उतरणीवरून लुनोखोद १ हे आठ चाकांचे, ७५६ किलो वजनाचे, माणूस नसलेले वाहन खाली आले. अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी आपली मोटार चंद्रावर चालवली ती त्यानंतर आठ महिन्यांनी, जुलै १९७१ च्या अखेरीस. प्रश्नात ‘माणसाने बसून चालवलेले’ असे शब्द असते तर अमेरिकी उत्तर बरोबर ठरले असते. ते शब्द प्रश्नात नव्हते.

नावाविषयी थोडे विषयांतर करतो. ‘लुना’ म्हटले की आपल्या पिढीला पायडल मारून सुरू होणारी मोपेड आठवते आणि ‘खोद’ म्हटले की कुदळ, त्यामुळे माझ्या नातीच्या मैत्रिणींना हे चंद्रावर खड्डे खणणारे यंत्र असावे असे वाटले. रशियन भाषेत लुना म्हणजे चंद्र आणि खोद म्हणजे चाल. ‘चंद्रावर चालणारा’ एवढाच त्या नावाचा सरळ अर्थ आहे.

मी स्वतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो. लुनोखोदची बातमी मी आठवीत असताना गावातल्या ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ऐकली होती. तिचे खरे मोल मात्र हातात पाना आल्यानंतर कळले. ज्याने आयुष्यभर खानदेशच्या काळ्या मातीत रुतलेली आणि मे महिन्याच्या उन्हात तापून बंद पडलेली वाहने दुरुस्त केली, त्याला या यंत्राची रचना वाचताना जे वाटते ते प्रश्नमंजूषेच्या एका गुणात मावणारे नाही.

त्याच्या चाकांचा सांगाडा लेनिनग्राडच्या ज्या संस्थेत अलेक्सांद्र केमुर्द्झियान यांच्या नेतृत्वाखाली घडला, ती मूळची रणगाड्यांची संस्था होती, आणि ते कूळ यंत्रात दिसते. लुनोखोदला स्टिअरिंग नव्हते. आठही चाकांना स्वतंत्र विद्युत मोटार होती आणि वळायचे असेल तेव्हा डाव्या व उजव्या बाजूच्या चाकांचा वेग कमी-जास्त केला जाई. आपल्याकडे शेताच्या कडेला नांगराचा तास संपला की ट्रॅक्टरचालक एकाच बाजूचा ब्रेक दाबून जागच्या जागी ट्रॅक्टर फिरवतो, त्याच जातीची ही युक्ती आहे. मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे चाक जाम झाले तर काय करायचे याची त्यांनी आधीच करून ठेवलेली तरतूद. एखाद्या चाकाची मोटार अडकली तर पृथ्वीवरून आज्ञा देऊन एक छोटा स्फोट घडवायचा, त्या चाकाचा दांडा तोडायचा आणि चाक मोकळे फिरू द्यायचे, म्हणजे ते उरलेल्यांना ओढ देणार नाही. जिथे कधीही कुणी मेकॅनिक पोहोचणार नाही अशा जागी गाडी पाठवणाऱ्यानेच असा विचार करावा. (याच केमुर्द्झियान यांच्या संस्थेने पुढे १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या छतावरील किरणोत्सारी ढिगारा हटवण्यासाठी दूरनियंत्रित यंत्रे तयार केली. चंद्रासाठी केलेला विचार तिथे जमिनीवर कामी आला.)

मागे एक नववे, लहान, मोकळे चाकही होते. त्याला मोटार नव्हती; ते केवळ जमिनीवरून घरंगळत जाई आणि अंतर मोजत असे. मुख्य चाके मातीत जागच्या जागी फिरली तर त्यांच्या फेऱ्या फसवतात, मोकळे चाक फसवत नाही. चिखलात चाक घसरत असताना मीटर मात्र पुढे पळताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे मर्म सांगावे लागणार नाही.

वाहन चालवणारे चंद्रावर नव्हते, ते क्रिमियात सिम्फेरोपोलजवळच्या केंद्रात बसत. कमांडर, चालक, मार्गदर्शक, अँटेना सांभाळणारा आणि अभियंता असे पाच जणांचे पथक एका वेळी काम करी. चालकासमोर चलचित्र नसे. काही सेकंदांच्या अंतराने एकेक स्थिर चित्र पडद्यावर येई, आणि जाण्या-येण्यात संदेशाचेही अडीच सेकंद जात. म्हणजे समोर दिसणारा दगड प्रत्यक्षात कधीच जवळ आलेला असे. पहिल्या लुनोखोदचे कॅमेरे बरेच खाली बसवलेले असल्याने खड्ड्यांचा अंदाज घेणे आणखी कठीण होई, म्हणून दुसऱ्यावर माणसाच्या नजरेच्या उंचीवर एक जादा कॅमेरा बसवला गेला. चंद्रावरच्या भर दुपारी सावल्या नाहीशा झाल्या की उंचसखल काहीच कळेनासे होई आणि गाडी थांबवावी लागे. आमच्याकडेही मे महिन्यात बारा ते चार यंत्रे उभीच असतात, कारण तेवढे वेगळे.

इतक्या खबरदारीने दहा महिन्यांत लुनोखोद १ साडेदहा किलोमीटर चालले. बैलगाडीलाही हसू यावे असे हे अंतर असले तरी त्या वाटेवर त्याने वीस हजारांहून अधिक चित्रे पाठवली आणि शेकडो ठिकाणी मातीत शंकूसारखी दांडी रुतवून तिचा कणखरपणा मोजला. मुळात ते तीन महिन्यांच्या कामासाठी बनवले होते.

तीन महिन्यांचे दहा कसे झाले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा असतो आणि रात्रही तेवढीच. दिवसा तापमान शंभर अंशांच्या वर जाते, रात्री ते शून्याखाली दीडशे अंशांच्याही पलीकडे उतरते. लुनोखोद दिसायला चाकांवर ठेवलेल्या घंगाळासारखे होते आणि त्यावर बिजागरीचे झाकण होते. या झाकणाच्या आतल्या बाजूस सौरघट बसवले होते. दिवसा झाकण उघडे असे, घट वीज निर्माण करीत आणि घंगाळाच्या उघड्या माथ्यावरून आतली जादा उष्णता अवकाशात निघून जाई. रात्र पडण्यापूर्वी झाकण मिटवले की तोच माथा झाकला जाई आणि ऊब आत राही. त्या उबेसाठी आत पोलोनियम २१० या किरणोत्सारी मूलद्रव्याचा एक छोटा तापक ठेवलेला होता. पूर्वी घरोघरी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवत, तशीच ही व्यवस्था म्हणता येईल. आमच्या आज्या जो निखारा सकाळी फुंकून फुलवीत, तो लुनोखोदने दहा रात्री जपला. पोलोनियम २१० ची शक्ती दर १३८ दिवसांनी निम्मी होते. नोव्हेंबर १९७० ते सप्टेंबर १९७१ या काळाचा हिशेब केला तर शेवटी मूळ उष्णतेच्या पाव हिश्श्याहूनही कमी उरलेली होती. १४ सप्टेंबर १९७१ रोजी शेवटचा संपर्क झाला आणि ४ ऑक्टोबरला, म्हणजे स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या वर्धापनदिनी, मोहीम संपल्याचे जाहीर करण्यात आले.

दुसऱ्याचा अंत मात्र निखारा विझल्यामुळे झाला नाही, आणि त्याबद्दल लिहिताना माझ्यातला जुना मेकॅनिक हळहळतो. ८४० किलोचे लुनोखोद २ जानेवारी १९७३ मध्ये ल मोनिए नावाच्या विवरात उतरले. हे वाहन बरेच चपळ होते. साधारण चार महिन्यांत ते सुमारे ३९ किलोमीटर चालले, म्हणजे ढोबळमानाने धुळ्याहून पारोळ्यापर्यंत. पृथ्वीबाहेरील चाकांच्या वाहनाचा हा विक्रम २०१४ पर्यंत, मंगळावरील ऑपर्च्युनिटीने तो मोडेपर्यंत, अबाधित होता. परंतु ९ मे १९७३ रोजी ते एका लहान खड्ड्यात शिरले असताना उघड्या झाकणाची कड खड्ड्याच्या भिंतीला घासली आणि सौरघटांवर माती सांडली. नंतर झाकण मिटले तेव्हा ती माती उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागावर पडली, आणि आतले तापमान वाढत जाऊन यंत्र कायमचे गप्प झाले.

आमच्या भागात कपाशीचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकच्या रेडिएटरच्या जाळीत रुईचे तंतू आणि धूळ बसते आणि इंजिन तापून बंद पडते. मी प्रशिक्षणार्थ्यांना दरवर्षी सांगत असे की जाळीला हवा मारायची ती इंजिनच्या बाजूने बाहेर, नाहीतर कचरा आणखी आत बसतो. चंद्रावर हवाही नव्हती आणि ती मारणाराही नव्हता. मूठ-दोन मुठी धुळीने एवढे मोठे यंत्र गेले, आणि तेही ज्या झाकणाने त्याला रात्रीतून वाचवले त्याच झाकणाच्या हातून.

ही माहिती आपल्या मुलांपर्यंत का पोहोचली नाही, याचा काही दोष सोव्हिएत सरकारकडेही जातो. फेब्रुवारी १९६९ मध्ये पहिलेच लुनोखोद घेऊन निघालेले प्रोटॉन रॉकेट मिनिटभरात फुटले, ते त्यांनी जगाला सांगितले नाही. वाहन चालवणाऱ्यांची नावेही अनेक वर्षे गुप्त राहिली. अमेरिकेने अंतराळवीरांचे चेहरे दूरचित्रवाणीवर दाखवले. ज्याचा चेहरा दिसतो त्याची आठवण राहते. तरीही चंद्रावर चाललेली स्पर्धा दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांना पूर्णपणे वेगळे करू शकली नाही. लुनोखोदच्या अंगावर लेझर किरण परतवणारा, चौदा प्रिझमांचा जो आरसा होता तो फ्रान्समध्ये बनवलेला होता.

त्या आरशाचीही एक गोष्ट आहे. लुनोखोद १ नेमके कुठे थांबले याची खात्री नसल्याने जवळपास चाळीस वर्षे त्याच्याकडून परतलेला प्रकाश कोणालाच सापडत नव्हता. मार्च २०१० मध्ये अमेरिकी चांद्रकक्षायानाच्या छायाचित्रांत तो ठिपका ओळखला गेला आणि त्याच एप्रिलमध्ये न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट वेधशाळेने सोडलेला लेझर त्या आरशावरून परत आला, तोही अपेक्षेपेक्षा कितीतरी ठळक. शोधणारे त्यापूर्वी भलत्याच जागी किरण सोडत होते. शास्त्रज्ञ आजही चंद्राचे अंतर बिनचूक मोजण्यासाठी त्या आरशाचा उपयोग करतात, म्हणजे १९७१ मध्ये ‘संपलेली’ मोहीम एका अर्थाने अजून काम करते आहे.

आपल्या प्रज्ञानला मी यात कुठेही कमी लेखत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण भागात उतरलेले ते २६ किलोचे वाहन एकाच चांद्रदिवसासाठी होते, त्याने सुमारे शंभर मीटर चालून ठरलेले काम पूर्ण केले. रात्र काढण्यासाठी लागणारा तापक त्याच्यात नव्हता आणि पहाट झाल्यावर ते जागे झाले नाही. जपानसोबतच्या पुढील मोहिमेत अधिक मोठे वाहन पाठवायचे आहे. तेव्हा रात्रीचा प्रश्न पुन्हा उभा राहील, आणि पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचे हे घंगाळ आमच्या मुलांच्या अभ्यासात असायला हवे ते याच कारणासाठी.

प्रश्नमंजूषेच्या संयोजकांना मी याच आशयाचे पत्र दिले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. नातीला तो एक गुण परत मिळाला काय किंवा न मिळाला काय, याने तिचा क्रमांक बदलणार नाही, हे तिनेच मला सांगितले. परंतु हीच प्रश्नपत्रिका पुढच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातही वापरली जाणार आहे असे कळते, म्हणून तत्पूर्वी हे पत्र आपण प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
पारोळा, जि. जळगाव