कण्हेर राहू द्या, बंबात मात्र नको

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "चिऊ दिवाळीला येतेय, दिसेल ते तोंडात घालते, तर कुंपणाची कण्हेर आणि बिट्टी उपटूनच टाकतो." त्यावर आईचा आवाज चढला आणि विषय तिथेच राहिला. म्हणून सविस्तर लिहितेय.

कण्हेर तोडू नका. शाहूपुरीतल्या त्या कोपऱ्यात भर एप्रिलमध्ये पाण्यावाचून फुलणारं दुसरं काय आहे आपल्याकडे? हायवेच्या दुभाजकात ती लावतात तेही उगाच नाही. पाणी फार लागत नाही आणि जनावरं तोंड लावत नाहीत.

जनावरं तोंड का लावत नाहीत ते मात्र बाबांनी नीट समजून घ्यावं, कारण ते त्यांच्या गोळ्यांच्या डब्यापर्यंत येतं. कण्हेरीच्या पानाफुलांत, सालीत, मुळांत ओलिअँड्रिन नावाचं विष असतं. ते हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं, आणि बाबा, तुमची डिगॉक्सिनची गोळीही त्याच वाटेने काम करते. तीही झाडातूनच आलेली, डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडातून. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने अंगावर सूज येणाऱ्या रोग्यांना डिजिटॅलिस कसं द्यायचं ते १७८५ मध्ये प्रसिद्ध केलं. गोळीत औषध किती, तर पाव मिलिग्रॅम! थोडं वर गेलं की मळमळ सुरू, ठोके चुकायला लागतात. त्यात कुणी "हृदयाला चांगलं" म्हणत कण्हेरीच्या मुळाचा काढा हातात दिला, तर एकावर एक चढेल. तुमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर असे वैद्य कमी नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता बंब. छाटलेल्या फांद्या तुम्ही गच्चीवर वाळवता आणि बंबात सारता. ते बंद करा. वाळल्याने हे विष जात नाही, आणि धूरही बाधतो. बंबाला करवंट्या आहेत, सोडणं आहेत. कण्हेरीच्या फांद्या मागच्या खड्ड्यात पुरा आणि छाटून झालं की हात साबणाने धुवा.

आई, तू महादेवाला कण्हेर वाहतेस ती वाहा. यवतेश्वरला नेतेस तीही ने. फक्त तीर्थाच्या पंचपात्रात ते फूल नको. पूजा झाली की तू पळीने तीर्थ देतेस, तेव्हा त्यात एखादी लाल पाकळी हमखास तरंगत असते. फुलं ठेवलेलं पाणीसुद्धा पोटात जाऊ नये. केरळात त्रावणकोर देवस्वम बोर्डाने मे २०२४ मध्ये हेच केलं. नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेर बंद, पूजेला चालू. तीर्थात तुळस आहेच की.

बिट्टीबद्दल मात्र मी बाबांच्या बाजूने. आम्ही लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो, काही झालं नाही, हे तुझं म्हणणं खरं, पण तेव्हा आम्ही दीड वर्षांचे नव्हतो. हिरवं तिकोनी फळ खाली पडतं, काळं पडून कुजतं, आतली कठीण बिट्टी उघडी होते. तिच्यातली बी सगळ्यात वाईट, तिचं विषही डिगॉक्सिनच्याच वाटेने काम करतं. श्रीलंकेत या बियांच्या विषबाधेचे रोगी इतके येतात की डिगॉक्सिन जास्त झाल्यावर देण्यासाठी तयार केलेला उतारा तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्यावर वापरून पाहिला. तेव्हा बिट्टी काढाच, आणि खालचा पाचोळा गोळा करून खाली पडलेल्या बिट्ट्याही वेचून घ्या.

खरी काळजी मला हॉलमधल्या कुंडीची आहे, जिच्याबद्दल तुम्ही दोघंही अवाक्षर काढलं नाहीत. ती पांढऱ्या ठिपक्यांची मोठी पानं, डिफेनबाखिया. नर्सरीवाल्याने "हवा शुद्ध होते" म्हणून गळ्यात मारलेली. अळू खाजतो तसाच प्रकार, पण कितीतरी जास्त. पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चावलं की जीभ आणि तोंड सुजतं, बोलता येत नाही, लाळ गळते. कुंडी नेमकी चिऊच्या तोंडाच्या उंचीला आहे. ती गच्चीवर न्या. अडेनियमही तिथेच राहू दे, त्यातलं विष कण्हेरीच्याच जातीचं. मनी प्लांटची टोकं वर बांधा, एवढं पुरे.

आणि घाटातून आणलेली कळलावी! फूल देखणं आहे, कबूल. पण तुम्ही ती रताळ्यांच्या वाफ्याला लागून लावलीय. तिचा कंद रताळं समजून खाऊन माणसं दगावलेली आहेत. तिला वेगळ्या कुंडीत हलवा आणि कुंडीवर रंगाने नाव लिहा, म्हणजे उद्या कामाच्या मावशींनी वाफा खणला तरी घोटाळा नको.

कुणाच्या पोटात काही गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा आणि त्या झाडाची फांदी पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्या.

बाबा, बिट्टी तोडायला तुम्ही शिडीवर चढायचं नाही. दिवाळीच्या आधल्या शनिवारी हे येतील, कोयता तेच धरतील. तोवर आईने रोज बिट्ट्या वेचाव्यात, आणि तुम्ही रक्त तपासून घ्या. ती तारीख उलटून गेलीय, मला माहीत आहे.

तुमची,
मनू